सुगडातली थंडी

पोरांनो, या आठवड्याची शेतावरची पहिली बातमी वाईट आहे, ती आधी सांगून टाकतो. नाल्याकडच्या खोलगट तुकड्यातला टोमॅटो गेला. संध्याकाळी हिरवागार होता. पहाटे पाने बोटाला कडक लागत होती, आणि ऊन अंगावर येताच ती काळपट होऊन लोंबली. त्याच तुकड्यात शेजारी कोबी आहे. त्याच्या बाहेरच्या पानांवर पांढरी भुकटी साचली होती. दहाच्या सुमारास ती विरली आणि कोबी होता तसा राहिला. पलीकडच्या गाजरांना तर रात्री काही घडल्याचा पत्ताच नव्हता.

निफाड तालुक्यात हे नवे नाही. नाशिक जिल्ह्यात थंडीचा कडाका म्हटला की पहिले नाव निफाडचे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा हिवाळ्यात पेपरात छापून येतो, आणि तो आकडा बघून द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या का ते ठरवतात. आमचा नाल्याकडचा कोपरा त्यातही जास्त गार. थंड हवा जड असते. रात्रभर ती उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचून राहते. वरच्या बांधालगतचा टोमॅटो म्हणूनच वाचला. तुमच्या टोपलीत टोमॅटो कमी येईल, पण येईल.

कमी आला तरी तुमचे आईवडील कुरकुर करणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरांनी हंगामाचे पैसे पेरणीच्या आधीच दिलेले असतात. पिकले तर टोपली भरून, बुडाले तर बुडण्यातही वाटा. जपानात ही रीत १९७०च्या दशकात ‘तेइकेई’ या नावाने रुजली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांवर ती सुरू झाली. मला ही रीत मनापासून पटते. आपल्या घरी टोमॅटो का आला नाही हे तुम्हाला माहीत असते, आणि ज्याला एवढे माहीत असते त्यालाच पुढचा प्रश्न सुचतो.

तसा प्रश्न आलाच. टोपली न्यायला आईबरोबर आलेली एक मुलगी काळ्या पडलेल्या रोपांपाशी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, “आजोबा, पेपरात चार अंश लिहिलं होतं. पाणी तर शून्याला गोठतं. मग बर्फ कसा झाला?”

अगदी रास्त प्रश्न. त्याचे उत्तर असे की वेधशाळेचा तापमापक जमिनीवर ठेवलेला नसतो. झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, सावलीत तो असतो. चार अंश होते ते त्या उंचीवरच्या हवेचे. जमिनीलगतच्या पानाची गोष्ट निराळी. दिवसभर तापलेली माती आणि पाने रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतात. ढग असले तर ते त्यातली बरीचशी परत खाली पाठवतात. ढग ही जमिनीची गोधडी. पौषातल्या निरभ्र रात्री ही गोधडी नसते, वाराही पडलेला असतो, आणि पान भोवतालच्या हवेपेक्षा गार होत जाते. पेटीत चार अंश असताना पानावर पारा शून्याखाली गेलेला असू शकतो.

याची एक खरीखुरी गोष्ट आहे, आणि ती आपल्याच देशातली. बर्फाचे कारखाने नव्हते त्या काळात अलाहाबादेत, म्हणजे आजच्या प्रयागराजला, हिवाळ्यात बर्फ बनवत. सर रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे वर्णन लिहिले आणि ते १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापले. उघड्या मैदानात सुमारे तीस फूट लांबरुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाला उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे जाडसर अंथरायची. त्यावर मातीच्या उथळ थाळ्या ओळीने मांडायच्या आणि दिवस मावळताना त्यांत उकळून गार केलेले पाणी ओतायचे. सूर्य उगवायच्या आत माणसे येऊन थाळ्यांतला बर्फ गोळा करत आणि उन्हाळ्यासाठी साठवून ठेवत. खुद्द बार्करने हिंदुस्थानात आपणहून गोठलेला बर्फ कधी पाहिला नव्हता! थाळीखालच्या ताटांनी जमिनीची ऊब अडवली, वरचे आकाश उघडे राहिले, सच्छिद्र थाळीतून पाझरणारे पाणी वाळतानाही उष्णता घेऊन गेले, आणि उरलेले पाणी गोठले. त्या माणसांकडे तापमापक नव्हता. कुठल्या रात्री बर्फ धरेल हे त्यांना आकाश आणि वारा बघून कळे, आणि मला त्यांच्या त्या नजरेचा फार आदर वाटतो.

आता आमच्या वाफ्यांकडे बघा. आम्हीही उसाचे पाचट अंथरतो. पाचटाखाली हात घाला, माती ऊबदार लागते आणि गांडुळे वरच्या थरातच सापडतात. त्या मातीची ऊब मात्र पाचटामुळे वरच्या पानापर्यंत पोचत नाही. म्हणून थंडीची लाट येणार असे कळले की आम्ही नाजूक पिकाच्या ओळीतले पाचट बाजूला सारतो आणि संध्याकाळी पाणी देतो. ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते आणि रात्री पिकाला देते. वाचलेल्या टोमॅटोवर आता जुन्या साड्या ताणल्या आहेत. उघडे आकाश दिसले नाही की पान तेवढे गार होत नाही. लंडनच्या विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या डॉक्टरांनी १८१४ साली दवावर एक निबंध लिहिला. लोकरीचे पुंजके वजन करून ते रात्री बागेत ठेवत, काही उघड्यावर, काही फळीखाली, आणि सकाळी पुन्हा तोलत. उघड्यावरची लोकर जास्त गार होई, म्हणून तिच्यात दवाचे पाणी जास्त, फळीखालच्या लोकरीत कमी. आमची साडी म्हणजे वेल्सची फळीच.

हे झाले बर्फ का धरला त्याचे. पण एकाच तुकड्यात टोमॅटो मेला आणि कोबी जगला, ते का?

पान म्हणजे पाण्याने भरलेल्या असंख्य पेशी. बर्फ आधी पेशींच्या बाहेर, मधल्या फटींत धरतो. बर्फाचा कण वाढायला लागला की तो पेशीच्या आतले पाणी बाहेर ओढतो. पेशी कोरडी पडत जाते, तिची नाजूक पटले फाटतात, आणि उजाडल्यावर बर्फ वितळला की सगळे पाणी बाहेर गळते. टोमॅटोचे पान लोंबले ते यामुळे. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. गोठवणाऱ्या रात्रींशी झुंजायची तयारी त्याच्या अंगी नाही. कोबीच्या पूर्वजांनी युरोपातल्या समुद्रकाठच्या थंडीवाऱ्यात दिवस काढलेत. रात्री गार व्हायला लागल्या की कोबी तयारीला लागतो. तो पेशींत साखर साठवतो आणि पटलांची घडण बदलतो. साखरेचे पाणी शून्याला गोठत नाही. एक किलो पाण्यात ३४२ ग्रॅम साखर विरघळवली तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी खाली जातो. एवढी साखर घालून दोनच अंश मिळतात, म्हणजे तेवढ्यावर जीव वाचायचा नाही. साखरेचे मोठे काम दुसरेच आहे. पाणी ओढले गेल्यावर ती पटलांना आतून सांभाळून धरते, फाटू देत नाही.

आणि ही तयारी एका रात्रीत होत नाही. आठ-पंधरा दिवस थंडी हळूहळू वाढत गेली तर कोबीला वेळ मिळतो. ढगाळ, दमट हवा असताना मध्येच एखादी गोठवणारी रात्र आली, तर कोबीलाही चटका बसतो. यंदा थंडी पायरीपायरीने उतरली, हे आपले नशीब.

गाजराचे तसेच. पहिल्या हंगामात जमिनीखाली साखर भरून ठेवायची आणि पुढे थंडी ओसरली की तिच्या जोरावर फुलायचे, हा त्याचा बेत. आपण मध्येच उपटून खातो. उन्हाळी गाजराला जी उग्र, कडवट चव असते ती थंडीतल्या गाजराला कमी असते आणि गोडी जास्त. आईला सांगा, या आठवड्यातल्या गाजरहलव्यात साखर घालायच्या आधी एक घास चाखून बघ. बटाट्याची खोड तर याहून मजेची. त्याला फार गारठ्यात ठेवले की तो साठवलेल्या पिठाची साखर करायला लागतो. म्हणून फ्रिजमधल्या बटाट्याचे वेफर्स तळताना काळपट लाल होतात, आणि वेफर्सवाले आपला बटाटा शीतगृहात बेताच्याच गारव्यात, दहा-बारा अंशांवर ठेवतात.

आता गव्हाकडे चला, पण तिथे सकाळी सातच्या आत जायला हवे. गव्हाच्या प्रत्येक पात्याच्या अगदी टोकाला एकेक थेंब उभा असतो. सगळे त्याला दवच समजतात. दव हवेतल्या बाष्पाचे होते आणि पानभर बारीक बारीक पसरते. टोकावरचा हा थेंब गव्हाच्या आतून आलेला. रात्री पानांची सूक्ष्म छिद्रे मिटलेली असतात, माती ओली असते, मुळे पाणी ओढतच राहतात. ते वर चढते आणि टोकाशी असलेल्या खास वाटेने बाहेर येते. पटत नसेल तर एक पाते निवडा, टोकाचा थेंब बोटाने टिपून घ्या आणि तिथेच बसून राहा. माती ओली असेल आणि ऊन चढले नसेल, तर थोड्या वेळाने त्याच टोकाला नवा थेंब फुगलेला दिसेल.

पण मला विचाराल, तर हिवाळ्याचा खरा राजा हरभरा. वीतभर उंचीचे झाड, आणि त्याच्यावर माझा इतका जीव आहे की त्याच्या वाफ्यात मी गुडघ्यावरच बसतो. तुम्हीही बसा. भिंग काढा आणि पानाची एक काडी उजेडाकडे धरा. काडीवर, पानांवर, घाट्यांवर बारीक केस दिसतील, आणि पुष्कळ केसांच्या डोक्यावर एकेक चकचकीत टिपूस. तो जिभेला लावा. आंबट! ते मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल आहे. रात्री दव आले की हे आम्ल त्यात उतरते आणि पहाटे अख्खे रान आंबटलेले असते. अनवाणी गेलात तर पायांना चुणचुणते. जुनी माणसे पहाटे स्वच्छ पांढरे फडके हरभऱ्यावरून फिरवत, भिजले की पिळत, आणि ते आंबट पाणी बाटलीत भरून ठेवत. हीच आंब. पोट दुखले, अपचन झाले की आजी तिचे चार थेंब पाण्यातून देई.

हरभरा हे आम्ल आपल्या पोटदुखीसाठी थोडेच बनवतो? त्याची वैरीण म्हणजे घाटेअळी. कोवळी असताना पाने कुरतडते, मोठी झाली की घाट्याला भोक पाडून डोके आत खुपसते आणि दाणा खाते. ऑक्झॅलिक आम्ल पोटात गेले की या अळीची वाढ खुंटते, असे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिले आहे. अळी मरते असे नाही, रखडते. आणि रखडलेली अळी जास्त दिवस उघड्यावर राहते. म्हणून आम्ही वाफ्यात जागोजागी इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे रोवले आहेत. कोतवाल त्यावर बसतो, खाली नजर लावतो आणि झेप घेऊन अळी उचलतो. अर्धे काम झाडाचे, अर्धे कोतवालाचे, म्हणून औषध फवारल्यावाचून हरभरा तुमच्या टोपलीत पोचतो. अवकाळी पाऊस आला की मात्र आम्ल धुऊन जाते, आणि मग आम्ही रोज वाफे चाळतो.

हरभऱ्याचे दुसरे नवल जमिनीखाली. परवा एक झाड मुळासकट काढून मी बादलीतल्या पाण्यात हळूच धुतले. मुळांवर मण्यांएवढ्या गाठी होत्या. एक गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी, जवळजवळ रक्ताच्या रंगाची. पोरांनो, तो रंग आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या सख्ख्या भावंडाचाच आहे. त्याचे नाव लेगहिमोग्लोबिन. त्या गाठींत जिवाणू राहतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण झाडाला तो हवेतून घेता येत नाही. जिवाणूंना घेता येतो. ते नायट्रोजन बांधून झाडाला देतात आणि झाड त्यांना आपली साखर देते. यात एकच अडचण. ज्या विकराने नायट्रोजन बांधला जातो त्याला ऑक्सिजन सोसत नाही, आणि ऑक्सिजनवाचून जिवाणू तर जगत नाहीत. गुलाबी द्रव्य ऑक्सिजनला धरून ठेवते आणि गरजेपुरता, मोजून मोजून सोडते. युरिया बनवायचा तर कारखान्यात आधी हाच नायट्रोजन चारशे-पाचशे अंश उष्णता आणि प्रचंड दाब देऊन अमोनियात बांधावा लागतो. ही गाठ ते काम निफाडच्या गारठलेल्या मातीत करते. जर्मनीत हेल्रीगेल यांनी १८८६ साली दाखवून दिले की शेंगवर्गी झाडे या गाठींच्या जोरावर हवेतला नायट्रोजन वापरतात; दोन वर्षांनी हॉलंडमध्ये बायजेरिंक यांनी गाठीतले जिवाणू वेगळे काढले. आपले शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून हरभऱ्यानंतरचे पीक जोमदार येते हे बघत आले होते.

गाठ फोडून आत पांढरी निघाली तर ती काम करत नाही, हिरवट निघाली तर तिचे काम संपले. गुलाबी गाठ बघितली की मला बरे वाटते. युरियाची गोणी न आणताही जमीन उपाशी नाही, याची ती खूण.

बांधाकडेला सुरती ज्वारीचा छोटा तुकडा आहे, फक्त हुरड्यासाठी. दाणा दुधातून चिकात येतो तेव्हा झाडाने पाठवलेली साखर त्यात अजून साखरच असते. थोड्याच दिवसांत तिचे पीठ होते, दाणा टणक होतो आणि गोडी जाते. तेव्हा हुरड्याचा आनंद मोजक्याच दिवसांचा. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणीस खुपसायचे, तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ‘फुले उत्तरा’, ‘फुले मधुर’ असे हुरड्यासाठीचे खास वाण काढले आहेत, तेही लावून पाहतो आहोत. मला मात्र सुरतीच आवडते.

उसाची चाल हुरड्याहून उलटी. त्याच्यात साखर राहू लागते ती थंडीत. रात्री गारठल्या की उसाची वाढ मंदावते, पाने उन्हात साखर बनवतच राहतात, आणि वाढीला न लागलेली साखर कांड्यांत साचत जाते. साखर कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या सुमाराला पेटतात, त्यामागे हेही एक कारण आहे. खालची कांडी आधी पिकतात, म्हणून बुडख्याकडे गोडी जास्त आणि शेंड्याकडे पाणचटपणा. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. गोडी मुळाकडेच वाढत जाते, त्यामुळे हात आवरायला कठीणच.

ज्वारीवर भोरड्याही आल्यात. गुलाबी पाठपोटाचे आणि काळ्या डोक्याचे हे पक्षी मध्य आशियातून येतात. शेतकरी त्यांच्यावर गोफण फिरवतो, आणि त्यात त्याची चूक नाही. पण उन्हाळ्यात हेच पक्षी तिकडे त्यांच्या मायदेशी टोळांचा फडशा पाडतात. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर त्यांनी यावे म्हणून माणसे त्यांच्यासाठी घरटी उभारतात. आम्ही बांधावरच्या दोन ओळी त्यांना सोडून दिल्यात. त्या तुमच्या वाट्यातूनच गेल्या, तेव्हा तुम्हीही त्यांचे यजमान झालात.

येत्या टोपलीची बातमी आता. भोगी आली आहे, म्हणून टोपली भोगीच्या भाजीची: गाजर, वांगी, घेवडा, पावटा, मटार, हरभऱ्याचे सोलाणे, मूठभर शेंगदाणे आणि तीळ. बाजरीचे पीठ ज्यांनी सांगितले त्यांना वेगळ्या पिशवीत. संक्रांतीच्या सुगडासाठी उसाची पेरे, बोरे आणि हरभऱ्याचे डहाळे निराळे बांधले आहेत. डहाळे पाण्याने धुण्याआधी पान जिभेला लावून बघा, आंबटपणा टिकला असेल.

ज्यांना आंब धरायची आहे त्यांनी आदल्या रात्रीच मुक्कामाला या. ऊन चढले की पानांवरचे दव उडून जाते. येताना घरातले जुने, धुतलेले पांढरे सुती धोतर किंवा पंचा आणा. रंगीत कापड नको, त्याचा रंग आंबेत उतरतो. काचेची बाटली मी देईन.